डाय

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून सोमवारीच आमचा इंग्रजीचा क्लास.
रिमोल्ड टायरच्या दुकानावर, पत्र्याच्या खोलीत,
शिकवायला हुपरीकर बाई,
शिकायला आम्ही सात जण,
सातांच्याही नखांत काळं.

बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले.
उच्चार एकच, अर्थ वेगळे, नीट उतरून घ्या.
मी आपला देवनागरीत उतरत गेलो :
डाय. डाय. डाय.
बाई वहीत वाकून बघालत्या, मग हसल्या.
अहो लोहार, हा तर एकच शब्द तीनदा लिहिलाय तुम्ही.

पहिला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.
बावीस वर्षं तीच करालोय.
लोखंडात पोकळी कोरायची,
जी वस्तू अजून जगात आलेली नाही
तिच्या मापाची.
केसभर इकडंतिकडं झालं
की पार्टी शिरोलीवरनं माल परत धाडते.

दुसरा घरात आहे.
महिन्यातनं एका रविवारी शशिकला
खांद्यावर जुना टॉवेल टाकून मोरीजवळ बसते,
म्हणते, डाय लावलीय, अर्धा तास हाक मारू नका.
मी म्हणतो, मीबी कालच लावून आलोय, प्रेसवर.
ती हसत नाही.
हा विनोद आमच्या लग्नाएवढा जुना,
आता त्यालाच एकदा लावाय पाहिजे.

तिसऱ्यापाशी पेन थांबलं.
मरणे, म्हणाल्या बाई.
आणि स्पेलिंग?
पहिल्याचंच. त्यात काही फरक नाही.

रमजान शिकलगार.
माझ्या हातात पहिली कानस त्यांनी दिली,
दाबू नकोस म्हणाले, ती काय म्हणत्या ते ऐक.
दाढीला मेंदी, खिशात बडीशेप,
आणि गिऱ्हाईक कितीबी घाईला आलं
तरी चहा संपल्याशिवाय माप सांगायचे नाहीत.
मार्चातली दुपार होती,
शेगड्यात डाय तशीच आवळलेली,
आणि उस्ताद स्टुलावरनं सावकाश खाली बसले,
एखादा स्क्रू पडलाय
आणि तो हुडकायचाय, असे.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर.
आत डॉक्टर नवा, बाहेरगावचा, पोरगेलासा,
उस्तादांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून
ओरडला, सीपीआर! सीपीआर!
आणि मी दारातनं म्हणालो,
साहेब, सीपीआरलाच तर आणलंय.

कोल्हापुरात तो सरकारी दवाखाना आहे.
जन्माला आम्ही तिथलेच, मोडलेला हात तिथलाच,
रिक्षावाल्याला तीन अक्षरं सांगायची, बस्स.
बाकीच्या जगात ते छाती दाबणं असतंय,
हे मला नर्सनं नंतर सांगितलं.
तोवर एक थांबलं होतं
आणि दुसऱ्याच्या व्हरांड्यात आम्ही उभे होतो,
त्यांची चप्पल हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधला फोन वाजला.
शिरोलीची पार्टी.
उस्ताद आहेत का?
गेले, म्हणालो.
बरं, मग किती वाजेपर्यंत येतील?

बाई सांगालत्या, बघा, इंग्रजीचा हा घोटाळा,
आपलं बरं असतं,
आपण जसं बोलतो तसंच लिहितो.
मी मान हलवली.
फोनचं काय सांगायचं.

मग म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा.
सगळ्यांचं झालं. जाधवानं तर दोन केली.
मी लिहिलं, उस्ताद डाय.
बाईंनी चष्मा वर सरकवला.
हे अर्धवट आहे लोहार,
उस्तादांची डाय, का उस्ताद...
आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं, गप्प झाल्या.

पहिला, बाई, मी म्हणालो. पहिलाच अर्थ.
शेगड्यात आहे ती अजून, कुणी सोडवली नाही.
पोकळी निम्मी कोरून झालीय.
उद्या मंगळवार,
उद्या हात घालतो तिला.