रकाना सहा

स्कूटरच्या पाठीला अकरा बैल बांधून
मी वाळपईहून निघते सकाळी सातला.
सगळे एका डब्यात, नायट्रोजनच्या धुरात,
गवताच्या काडीएवढे.
त्यातले चार मरून गेलेत. एक तर असा,
ज्याच्या देशात अजून बर्फ वितळलं नसेल,
आणि त्याची लेकरं इथे नगरगावात
मे महिन्यात जीभ बाहेर काढून उभी.

दुर्पती वरकच्या गोठ्यात तशी एक.
काळीपांढरी, घाटावरून ट्रकनं आलेली,
योजनेच्या पैशांतली, कानात पिवळा बिल्ला.
डिसेंबरात अठरा लिटर. आता सात.
माज आलाय की ताप, तेही धड दाखवत नव्हती.
मी घड्याळ धरून तिची कूस मोजली:
मिनिटाला ब्याऐंशी श्वास.
पाठीवर ओलं गोणपाट, समोर टेबलफॅन,
घरातला एकुलता एक.
भागो ओट्यावर पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाला,
"वीज गेली की आधी हिची चौकशी, मग माझी."

आणि बाहेर, काजूंच्या पलीकडे, तापलेल्या सड्यावर
त्यांची जुनी कपिला.
पांढरी, बुटकी, गळ्याखालची पोळी हलवत
बोंडांचा चोथा खाऊन रवंथ करणारी.
अडीच लिटर.
जास्त मागू नका, कमी देणार नाही.

खात्याच्या तक्त्यात सगळं सोपं असतं.
अर्धं रक्त, साडेबासष्ट टक्के, पाऊण;
फार वर गेलं की ऊन सोसत नाही.
प्रशिक्षणात पडद्यावर ती रेघ चढताना पाहिली होती,
मग उतरताना.
रेघेला धाप लागत नव्हती.

दुर्पतीनं डब्यात डोकावून विचारलं,
"ह्यात आमचा पांढरा आहे?"
नव्हता. जर्सी होता, गीर होता, साहिवाल होता,
इथला तेवढा संपलेला.
मागणी पाठवली होती शिगम्याच्या आधी.
"मग राहू दे बाय. चहा घे."

संध्याकाळी धाकूच्या कळपातला बैल आला,
स्वतःच्या पायांनी.
वशिंड ताठ, रुबाब मोठा,
उंची मात्र गाईच्या बरगडीपर्यंत.
दोनदा घसरला. पोरं हसली. भागोही हसला,
मग बैलाकडे बघून गप्प झाला.
दुर्पतीनं काही न बोलता गाईला
खालच्या कोपरात उतरवलं,
बैलाला मेरेवर ठेवलं.
मी हातमोजा घडी करून पिशवीत टाकला
आणि बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
नुसती उभी राहिले,
दुसऱ्याच्या सोयरिकीत आलेल्या लांबच्या मावशीसारखी.

रजिस्टरात बैलाचा क्रमांक लागतो.
ह्याला क्रमांक नव्हता. मी लिहिलं: धाकूचा.
कचेरीत मिनीननं ते लाल पेनानं खोडलं.

फेब्रुवारीत पाडी झाली.
धड काळी नाही, धड पांढरी नाही,
चुलीत पाणी सांडल्यावर राखेचा होतो तो रंग.
खांद्यांमध्ये बोट फिरवून बघितलं:
उंचवटा आहे.
असेल, नसेल, एवढाच.

दूध किती देईल, कोण जाणे.
कळायला तीन वर्षं, आणि मी
त्याच्या आधीच्या जूनमध्ये निवृत्त.
तक्ता एका पाडीनं बदलत नाही, हेही मला ठाऊक.
पण परवा गेले, एप्रिलच्या बाराच्या उन्हात,
तर आई पंख्यासमोर, गोणपाटाखाली,
आणि पाडी गोठ्यात नाही.
दुर्पतीनं हनुवटीनंच दाखवलं:
सड्यावर, म्हाताऱ्या कपिलेच्या शेजारी,
तिच्याकडून कान कसे हलवायचे ते शिकत.
मी लांबूनच कूस मोजली. चव्वेचाळीस.
चुकले असेन, म्हणून परत मोजली.

रकाना सहा: जात.
मिनीन पेन उघडून बसलीय, कोड कुठला म्हणून.
मी म्हटलं, थांब जरा.
ती अजून उन्हात आहे.