पायवाटेची रुंदी

खाडीच्या वर, दार-एस-सलामच्या त्या उतारावर
दहा घरांमागे एक कारभारीण.
आमची, मामा म्वानाहावा.
इथे मामा म्हणजे आई.
तिचा शिक्का बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी.

सरकारदरबारी त्या शिक्क्याला कोण विचारतो?
तरी जमिनीचा कागद तिच्याच ओट्यावर लिहितात,
वहीचं पान फाडून :
पूर्वेला माड, पश्चिमेला शोम्वीचा संडास,
उत्तरेला वाट,
दक्षिणेला पाणी येईल तिथवर.
साक्षीला दोघं. शाई वाळेस्तोवर चहा.

घर एकदम कुणीच बांधत नाही.
मासे बरे खपले की वीस विटा,
पोरगी नोकरीला लागली की एक खिडकी,
मधली वर्षं भोकाला गोणपाट.
वाट मात्र पहिल्याच दिवशी सोडायची :
चौघांच्या खांद्यावरून जनाजा
तिरपा न करता जावा, एवढी.

खमिसीने भिंत वीतभर पुढे घेतली.
मामा बोलली नाही, त्याच्याकडचा चहा तेवढा सोडला.
आम्हीही गप्प. वीतच तर होती.
सहा वर्षांनी त्याची आई गेली
आणि त्याच्याच कोपऱ्यावर अडली.
मागे सरा, कुणीतरी म्हणालं. डावीकडून उचला. हळू.
पुढच्या उजव्या खांद्याला तोच होता.
चाळिसावा झाला, त्याने पहार घेतली,
वीत नाही, हातभर कोपरा उतरवला.

मग नगरपालिकेची उपेंडो आली,
पिवळं जाकीट, तीन पायांचं यंत्र.
नियमाने रस्ता चार मीटर. आमचा दोन, कुठे दोनलाही कमी.
खमिसीच्या कोपऱ्याशी थबकली : हे असं का तुटलंय?
मामाने सांगितलं.
तिने फॉर्म पुढून-मागून चाळला. रकाना नव्हता.
पेन्सिल कानामागे खोचली,
पुन्हा काढली.

माझ्या स्वयंपाकघरावर लाल फुली तिनेच मारली.
मी भांडले. वाट कशी मोजतात तेही ऐकवलं.
ती म्हणाली, बाई, चाराचे तीन मी करून आणलेत,
तीनाचे दोन होणार नाहीत.
आगीचा बंब जनाजापेक्षा रुंद असतो.
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

मंजूर नकाशा शाळेच्या भिंतीला लावलाय.
सगळ्या रेषा पट्टीने ओढलेल्या,
एका जागी तेवढी रेषा
हातभर आत जाते.

चूल मी मागच्या दाराशी नेली.
भिंत पाडली नाही, एकेक वीट सोडवून
रचून ठेवली आहे.