मातृभाषेचा रकाना

मुखेडहून निघालेली जीप फाट्यावर सोडते,
पुढे तांड्यापर्यंत दीड किलोमीटर मी, माझी पर्स,
आणि पर्समध्ये आज
भाषा चाचणीच्या एकोणीस उत्तरपत्रिका.
सील वर्गातच फोडायचं. वेळ अकरा ते बारा.

थावरी गेमू आडे, इयत्ता पहिली,
पुढचे दोन दात नाहीत.
चित्र क्रमांक चार: गोल, तव्यावर, कडेला फुगलेली.
हे काय आहे?
बाटी, ती म्हणाली,
इतक्या खात्रीनं की मला भूक लागली.

उत्तरसूचीत भाकरी आहे.
गुण शून्य किंवा एक. अर्धा नाही.

माझे वडील कंधारच्या शाळेत
जमा, तफ्रीक, जरब, तक्सीम शिकले.
घरी मराठी, शाळेत उर्दू,
छडीला कुठलीच भाषा लागत नव्हती.
चौथीत होते तेव्हा निजामाचं राज्य गेलं.
शाळा पुन्हा उघडली तर फळ्यावर बेरीज, वजाबाकी,
मास्तर तेच, फक्त शेरवानी गेलेली.
म्हणाले, आता पहिलीपासून बसा.
वडील बसले नाहीत. दहा वर्षांचे होते, लाज होती.
आडतीवर हमालांच्या चिठ्ठ्या लिहायला लागले
आणि शेवटच्या आजारापर्यंत पुटपुटायचे,
तीन जरब सात, एकवीस.
मला गुणाकार त्यांनी शिकवला नाही.
तुझ्या सरकारचा शब्द येगळाय, म्हणाले,
माझ्यामुळं चुकशील.

पोर्टलवर मातृभाषेचा रकाना आहे.
बाण दाबला की यादी उघडते.
मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, कन्नड,
गोरमाटी शोधत मी खाली खाली जात राहिले,
तेवढ्यात रेंज गेली.
बाभळीजवळच्या दगडावर उभं राहून
मी एकोणीस वेळा इतर निवडलं.
माझ्याआधीचे सर सरळ मराठी निवडायचे,
त्यांच्या काळात शाळा प्रगत होती.

दिवाळी झाली की थावरी जाईल
आईबापासोबत उसाला, बेळगावकडं.
उन्हाळ्यात परत येईल तेव्हा पाण्याला नीरू म्हणेल,
चार दिवस. मग विसरेल.
पाणी तिच्याही घरी पाणीच आहे,
ते चित्र मात्र चाचणीत नव्हतं.

गेमूभाऊला मी सगळं समजावून सांगितलं,
घरची भाषा, पहिली पायरी, वगैरे,
प्रशिक्षणात सांगतात तसं.
त्यानं ऐकून घेतलं. तंबाखू मळली.
म्हणाला, म्याडम, तुमी इंग्रजीच शिकवा.
आमची बोली तर तिला येतीच की, फुकट.

मी गप्प बसले. माझा मुलगा
नांदेडला इंग्रजी शाळेत जातो,
आजोबांचं जरब त्यानं कधी ऐकलं नाही.

बारा वाजता थावरी टेबलाशी आली,
मराठी जपून, एकेक शब्द ठेवत:
मॅडम, बाटीला भाकरी म्हणायचं?
हो.
मग भाकरीला बाटी कोण म्हणायचं?

तिला वाटलं मी रागावले,
म्हणून ती पाटी घेऊन उंबऱ्याशी जाऊन बसली.

चौथ्या चौकोनात मी एक लिहिलाय. पेन्सिलीनं.
शनिवारी केंद्रप्रमुख येणार,
त्याआधी सगळे आकडे पेनानं गिरवायचेत.
पेन पर्समध्ये आहे.
फाट्यावर जीप हॉर्न देतेय.