जुनी फाईल ठेवायची का?

ग्रिम्सबीच्या गोदीजवळ, मासे तळणाऱ्या दुकानाच्या वर
समुद्रावर गेलेल्यांच्या घरच्यांना मदत करणारी एक जुनी संस्था आहे.
तिचा मेल सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात राहतो.
शनिवारी रात्री साडेदहाला मी कपाट उघडलं
तेव्हा तळणाचा आणि गरम धुळीचा मिळून एकच वास आला.

दोन पिढ्या मागे राहिलेलं लिनक्स.
त्याला पुढे न्यायचं, झोपलेलं मूल
एका अंथरुणावरून दुसऱ्यावर ठेवतात तसं.

आधी सगळ्या सेटिंगांची नक्कल. एक लॅपटॉपवर,
एक पेनड्राईव्हवर, आणि तो कोटाच्या आतल्या खिशात.
दुधाने तोंड पोळलंय माझं, लेस्टरला असताना;
एका दंतवैद्याची अकरा दिवसांची पत्रं
मी हवेत सोडून दिली होती.

मग सर्व्हरला एक ओळ शिकवली:
आजची रात्र कोणालाही "नाही" म्हणायचं नाही,
"जरा वेळाने या" म्हणायचं.
(दिवेकरांच्या घरात वाढले मी, मला हे जमतं.)

पॅकेजेस उलगडत गेली.
खाली शटर पडलं. समुद्रपक्षी
कचऱ्याच्या पिशव्यांवर भांडत राहिले.
एक वाजून सात मिनिटांनी पडद्याने विचारलं:
ही फाईल तुम्ही बदललेली दिसते.
आम्ही आणलेली नवी घ्यायची, की तुमची जुनी ठेवायची?

मी नव्हती बदलली.
बदलली होती क्लाइव्ह ऑडलिंगने,
जो मी रुजू व्हायच्या आधीच वारला,
ज्याच्या मगात आम्ही अजून पेनं ठेवतो.

"हो" दाबणं सोपं. नवी फाईल स्वच्छ,
कोऱ्या वहीसारखी, कुणालाच न ओळखणारी.
"नाही" दाबणंही सोपं,
मग सकाळी नव्या सर्व्हरला जुनी बोली कळणार नाही.
मी डी दाबलं. फरक दाखव.

वजाच्या खुणा खाली खाली सरकू लागल्या.
एका पत्राची मर्यादा साठ एमबी;
मिसेस ब्लँचर्ड फोटो लहान करत नाहीत.
आणि थांबायची वेळ, पाच मिनिटांऐवजी पंधरा:
'इनिड ग्रेस' बोट लांबून बोलते, तिला वेळ द्या.
हात लावायचा तर आधी शीलाला विचारा.

रात्री सव्वाला शीलाला कोण विचारणार.
नवी फाईल घेतली, आणि जुन्या ओळी
एकेक करून तिच्यात हाताने उतरवल्या,
ताज्या दुधात विरजण, चमचाभर, जास्त नाही.
तपासणीत एक शब्द अडला; तो आता वेगळा लिहितात.
दुरुस्त केला. सर्व्हर उठला.
स्वतःलाच पत्र टाकलं: पोचलं का?
स्वतःच उत्तर दिलं: पोचलं.

सोमवारी शीला म्हणाली, इनिड ग्रेस?
ती भंगारात जाऊन बारा वर्षं झाली. काढून टाक.
मग दूध ओतता ओतता: त्याचा भाऊ होता तिच्यावर,
स्वयंपाकी. भारी कंटाळवाणी पत्रं लिहायचा.
ओळ मी काढली नाही. खाली आणखी एक टिपण जोडलं,
तारीख, माझं नाव, आणि "शीलाला विचारलं."

बुधवारी कळलं,
त्याच्या ओळींबरोबर माझीही उतरली होती.
तीन दिवस आमच्या दारातून
कोणालाच नकार गेला नव्हता.
लॉगमध्ये लॉटरी लावून देणारे, वजन उतरवणारे,
स्वस्तात छप्पर बसवून देणारे
दर वीस मिनिटांनी येऊन विचारत होते, आता येऊ?
इतक्या आशेने माझ्याकडे कुणी आलेलं नाही.

ओळ पुसली.
पहिलं "नाही" अकरा वाजून चार मिनिटांनी गेलं,
छप्परवाल्याला.