उणे दोन

एलिओदोरो मान्सियानं ती यंत्रणा
स्वतःच्या हातानं रचली होती, विटेवर वीट.
तयार घर नको म्हणाला. कर्नल आणला, तोही कच्चा,
शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर रात्रभर शिजवला,
नको ते काढलं: जॉयस्टिक, टीव्ही, जगभरचे प्रिंटर.
उरलं ते इतकं थोडं
की पाठ म्हणता यावं.

फक्त वायफाय नव्हतं.

कार्ड होतं. त्याचं नाव यादीत दिसे,
हजेरीपटावर असावं आणि बाकावर नसावं
तसं.

त्याला एक फाइल हवी होती, फर्मवेअरची.
फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्या फाइलीच्या पलीकडे.
जाळं आणायचं तर जाळंच हवं.
एलिओदोरो मंगळवारच्या बोटीनं आचाओला गेला,
बटाट्याच्या पोत्यांवर बसून,
आणि फाइल पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह मोज्यात,
मोजा कोटाच्या आतल्या खिशात घालून परत आला.
वाटेत समुद्र दोनदा अंगावर आला. खिसा कोरडा राहिला.

फाइल जागेवर ठेवली. यंत्र पुन्हा चालू केलं.
उणे दोन.
अशी फाइल अस्तित्वात नाही.

"अरे, आहे ना," तो लॅपटॉपला म्हणाला.

नाव तपासलं, अक्षर न् अक्षर.
परवानग्या तपासल्या. कडेचं ते बारकं बटणही,
ज्यानं टपालवाल्या फ्रोइलानला
एकदा आठवडाभर रडवलं होतं.
उणे दोन.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात.
इथे आड काठोकाठ,
आणि पोहरा दर वेळी कोरडा वर.

तिसऱ्या रात्री शिक्षिका एदेलमिरा
बटाट्याची गरम भाकरी घेऊन आली.
"सोमवारी मुलांना हिमनद्या दाखवणार होते," म्हणाली.
तगादा नव्हे. नुसतंच.
ती गेल्यावर, करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून,
तो नोंदी पहिल्यापासून वाचू लागला,
ओळीआधीचे आकडेसुद्धा,
जे कुणी वाचत नाही.

एक पूर्णांक नऊ सेकंदाला ड्रायव्हरनं फाइल मागितली.
चार पूर्णांक दोनला डिस्क उघडली.

चुलीत ओलं लाकूड तडकलं.
बिचारा.
कर्नलच्या पोटातच बांधला होता त्याला
आपणच, हौसेनं, जवळचा म्हणून.
तर तो घराआधी उठायचा,
कुलूपबंद कपाटासमोर अंधारात उभा राहायचा,
एकदाच विचारायचा,
आणि नाही ऐकलं की
दिवसभर तोंड उघडायचा नाही.
असा एक माणूस एलिओदोरोच्या ओळखीचा होता.
त्याचं नाव त्यानं मनातसुद्धा घेतलं नाही.

यादीतला तारा खोडला, त्या जागी एम.
सुटा राहा. दार उघडलं की ये.
पुन्हा बांधणी: पंचेचाळीस मिनिटं.
भाकरी गार झाली होती. खाल्ली.

सहाव्या सेकंदाला
कार्डाचा निळा डोळा उघडला.

यादी आली. शाळेचा राउटर,
आणि त्याच्याखाली एक कुलूपवालं नाव:
सान्ता एदुविखेस दोन. पट्ट्या चार.
बेटावर या नावाचं कुणी नव्हतं.
खिडकीशी गेला तर सामन माशांचं खाद्य नेणारी नाव
किनाऱ्याला खेटून, सगळे दिवे लावून
दक्षिणेकडे निघालेली.
पट्ट्या तीन.
डेकवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं,
रात्री, असल्या दमट हवेत.
दोन.
एक.

मग ते नाव यादीतून गेलं.
एलिओदोरो अजून खिडकीतच,
आणि मागे टेबलावर लॅपटॉप
शाळेच्या पासवर्डसाठी थांबलेला,
डोळा उघडा ठेवून.