वीस पावलं

आमच्या गावच्या चौकात एक घोडेस्वार होता, काशाचा.
उजवा हात डोंगराकडे.
तिकडे काय आहे ते मास्तरांनाही सांगता येईना.
शत्रू असेल, म्हणाले, नाहीतर भविष्य.
आमचे हात त्याच्या टाचेपर्यंतच पोचत.
टाच थंड असायची, भर उन्हाळ्यातसुद्धा.

आणि बुबूसारा होती.
दवाखान्यातली नर्स, डाव्या पायाला तीन बोटं.
कांदे उधारीवर घ्यायची,
कुत्र्यांना घाबरायची,
गाढवाला अशा शिव्या घालायची
की आमच्या आया आमचे कान झाकत
आणि स्वतः नीट ऐकून घेत.

दोन बोटं खिंडीत राहिली होती.
रस्ता बुजलेला, तारा तुटलेल्या,
मेंढपाळाची सून दोन दिवस अडलेली.
बुबूसारानं तिला नमद्यात गुंडाळून घसरगाडीवर बांधलं,
दोर कमरेला घेतला आणि निघाली.
मूल खिंडीपलीकडे जन्मलं.
तो एर्मेक. आमच्याच वर्गात होता,
आणि आठाचा पाढा त्याला कधीच आला नाही.
तुझ्यापायी दोन बोटं गेली, आम्ही म्हणायचो,
निदान पाढा तरी पाठ कर.

शाळा सुटली की आम्ही सगळे लंगडायचो,
रांगेनं, डावा पाय ओढत, नदीपर्यंत.
खिंड कशी ओलांडायची ते कुणी शिकवलं नव्हतं;
लंगडणं समोर दिसत होतं, तेवढं उचललं.
एकदा तिनं पाहिलं.
आता गाढवाच्या शिव्या आपल्या वाट्याला, असं वाटलं.
ती थांबली, बघत राहिली,
आणि म्हणाली, "एर्मेक, तू उजवा ओढतोयस."

सोळाव्या वर्षी तिच्याकडे कोळसा टाकायला गेलो होतो,
तेव्हा विचारलं.
ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.
"अर्ध्यावर मी दोर सोडला होता.
वीस पावलं खाली आले. मोजली मी.
एकविसावं का नाही टाकलं, ते मला विचारू नकोस.
बर्फात दोर काळा दिसत होता, एवढं आठवतं."
मग एक खडा सापडला, तो तिनं चुलीत टाकला.

मी चिडलो. का, ते आज सांगता येत नाही.
चार आणे घालून रुपया समजावं
आणि हातात परत चार आणेच यावेत, तसं काहीसं.
महिनाभर मुद्दाम सरळ चाललो.
चौकातल्या घोड्याला जाऊन टेकलो.
त्यानं तरी कधी काही कबूल केलं नव्हतं.

मॉस्कोत मी अंगण झाडतो. हिवाळ्यात बर्फ फोडतो.
त्या रात्री गॅरेजांच्या मागे तिघं एकाला मारत होते.
म्हातारा होता, ओरडतही नव्हता.
माझ्या खिशातला परवाना ऑगस्टमध्ये संपलेला.
मी पहार खांद्यावर घेतली आणि वळलो,
दुसरीकडे.

पाय मोजायला लागले, आमच्या बोलीत,
बिर, एकी, यूच…
मी मोजत नव्हतो, शप्पथ.
विसावर आलो तेव्हा पुढे आकडा नव्हता.
तिनं एवढेच ठेवले होते.
उभा राहिलो.
मग परत फिरलो, तर डावा पाय ओढत होता,
काही दुखत नसताना.

पुढचं सांगण्यासारखं नाही.
माझा एक दात गेला.
म्हाताऱ्याची टोपी सकाळी सापडली, बादलीखाली.
पोलिसांनी आधी माझेच कागद मागितले.

दोन दिवसांनी गावी फोन लावला.
बुबूसाराला जाऊन चार वर्षं झालीत.
एर्मेकनं उचलला. मागे त्याची मुलं भांडत होती.
त्याला यातलं काहीच सांगितलं नाही.
म्हटलं, आठ सत्ते किती रे?
थांब, म्हणाला.
आणि मी थांबलो, कान लावून,
तो पलीकडे बोटं मोजत असताना.