बाकी

आजोबा तोलोगोन कळपाची बेरीज उच्चारू देत नसत.
आकडा ऐकला की लांडग्याचे कान टवकारतात, म्हणायचे.
म्हणून सोन-कुलच्या कुरणावर, दिवस बुडताना,
आम्ही तिघं फाटकाशी उभे राहून मेंढ्या मोजायचो,
एकाच वेळी, तीन तऱ्हांनी.

आजोबा पाचापाचांनी.
आपा सातासातांनी, दुधाची बादली पायांशी ठेवून.
मी नवानवांनी, कारण नवाचा पाढा
घरात मला एकटीलाच येत होता.
पुरे झालेले गट कुणी लक्षात ठेवायचे नाहीत.
ठेवायची ती बाकी.

"दोन," आजोबा.
"तीन," आपा.
"चार," मी.
आणि फाटकाला आडणा.

मग यर्टमध्ये, शेणाच्या धगीशी पाय करून, मी शोधायचे:
पाचांनी भागून दोन, सातांनी भागून तीन
उरतात अशी पहिली संख्या सतरा.
पण सतराला नवांनी भागलं तर आठ उरतात,
हवेत चार.
सतरात पस्तीस मिळव. पाचांना कळत नाही,
सातांना कळत नाही,
नवांची बाकी मात्र एक पाऊल मागे सरते.
बावन्न, सात. सत्त्याऐंशी, सहा.
एकशे बावीस, पाच.
एकशे सत्तावन्न.
तो आकडा मी कुमिसच्या घोटाबरोबर गिळून टाकायचे.
(आता कळपच उरला नाही, म्हणून सांगते आहे.
आणखी तीनशे पंधरा मिळवले असते तरी बाक्या त्याच,
पण एवढी श्रीमंती आमच्याकडे कधी नव्हती.)

त्या दिवशी दुपारी गारा पडून गेल्या होत्या.
दोन. तीन. चार.
मी खूश. आजोबा पुन्हा खोगीर कसू लागले.
"बरोबर आलंय की!"
"आलंय बरोबर," ते म्हणाले,
"पण फाटक्या कानाची आली नाही.
आणि पाठीवर निळा डाग आहे ती केनेनबायची."

एक गेली, एक आली.
पाच, सात, नऊ, तिघांनाही पत्ता नाही.
रात्रभर मी वहीत असा भाजक शोधत होते
ज्यानं भागलं तर
कान उरेल.

पहाटे घोडा आला. मागे दोरीला फाटका कान,
कोटाच्या आत काहीतरी ओलं, थरथरतं.
निळ्या डागाची तोवर आपाने पोचती केली होती.

संध्याकाळी फाटकाशी आजोबा म्हणाले, "तीन."
"चार," आपा.
मला मोजायची गरज नव्हती.
तरी मी मोजलं, शेवटच्या डगमगत्या पायांपर्यंत.
"पाच."